बोंबलांची राखण

मला शाळेतून काढलं, असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. आजही म्हणत नाहीत. 'दाखला घेतला' असं म्हणतात. ही सोय शाळेनेच करून दिली होती. मोठ्या बाईंनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं की आम्ही काढलं तर मुलीच्या नावावर ते कायमचं राहील, तेव्हा तुम्हीच दाखला मागा, कारण विचारलं तर घरगुती अडचण म्हणा. बाबांनी मान डोलावली आणि उठताना 'थँक्यू मॅडम' म्हणाले. हाकलून दिलेल्यानेच आभार मानायचे असतात, हे मला तेव्हा आठवीत कळलं.

अडचण काही घरगुती वगैरे नव्हती. मी वर्गातल्या एका मुलीच्या कपाळावर स्टीलची पाण्याची बाटली मारली होती, तिला टाके पडले होते. त्याआधी एकीचा हात चावले होते, फळ्यावर डस्टर फेकलं होतं, शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडावर दार आपटलं होतं. बाटली मारली त्या दिवशी ती मुलगी मला काय म्हणाली होती ते आता आठवत नाही. आठवतो तो वर्गाचा आवाज. आमची शाळा भाईंदर पूर्वेला एका इमारतीत होती, खाली दुकानं आणि वर शाळा, तीही दोन शिफ्टमध्ये. मैदान म्हणजे गच्ची, आणि गच्चीला कायम कुलूप. एका बाकावर तिघी. खिडकीला जाळी, जाळीपलीकडे हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीचे पाइप. दुपारपर्यंत माझे कान तापायचे. खरोखर तापायचे, हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटायचं. मग कोणी नुसतं 'सरक ना' म्हटलं तरी माझा हात उठायचा. मी दुष्ट नव्हते, हे आज मी कोणालाही ठणकावून सांगेन. तेव्हा मात्र मी दुष्टच आहे असं मला वाटायचं, आणि त्या विचाराने झोप उडायची.

वर्षाच्या मध्यात दुसरी शाळा कोण देणार? आई आणि बाबा दोघेही नोकरीला. परळची चाळीतली खोली विकून आम्ही जेसल पार्कला आलो होतो. स्वतःचा संडास, लिफ्ट आणि दारावर पितळी पाटी, यापुढे माणसाला आणखी काय लागतं, असा घरातला एकूण सूर होता. त्या पाटीच्या आत मला ठेवून बाहेरून कुलूप लावलं जायचं आणि चावी समोरच्या गुजराती काकींकडे. मी दार वाजवत बसायचे. काकी पलीकडून म्हणायच्या, "बेटा, टीवी देखो ना." काकींचा काही दोष नव्हता. त्यांच्या दुपारच्या झोपेचं मी खोबरं केलं होतं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाबांना जिन्यात गाठून, फार गोड शब्दांत, आवाजाबद्दल सांगितलं.

आईच्या ऑफिसात उत्तनजवळच्या पालीची, समुद्रकाठची, एक ख्रिश्चन बाई होती. डबा खाताना ती आईला म्हणाली की माझी मोठी बहीण दिवसभर घरीच असते, तिच्याकडे पाठव पोरीला, कोंडून ठेवलीस तर वेडी होईल. आई बरेच दिवस घुटमळली. अंतर, अनोळखी घर, यापैकी कशाची तिला अडचण नव्हती. तिला अडचण होती मासळीची. आम्हीही मासे खाणारेच, पण या बिल्डिंगमध्ये खिडक्या लावून खाणारे. पालीहून मुलगी संध्याकाळी लिफ्टने वर येणार तेव्हा तिचा वास कसा लपवायचा, हा प्रश्न तिला सतावत होता. तो तिने सोडवला तो असा, की घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी अंगावरच्या कपड्यांसकट मोरीत जायचं. आणि शेजारी सांगायचं, उत्तनला सिस्टरांकडे इंग्लिश शिकायला जाते.

सकाळी आई मला पूल ओलांडून पश्चिमेला न्यायची. पालीकडून येणाऱ्या बसमधून तिची मैत्रीण उतरायची आणि त्याच बसमध्ये मी चढायचे. त्या दोघी ऑफिसला जायच्या, मी समुद्राकडे. बस रिकामी असायची. खाडी दिसायची, मिठागरं दिसायची, मग रस्ता अरुंद होऊन दोन्ही बाजूंची घरं बसला घासतील की काय असं वाटायचं. पहिल्या दिवशी मी सबंध वाटेत दाताने बाही कुरतडत होते.

आईच्या मैत्रिणीच्या बहिणीला मी मावशी म्हणायचे. ही मावशी प्रेमळ वगैरे नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच काही उभं राहील. उंच, हाडकुळी, आवाज असा की बोटीवरच्या माणसानेही वळून बघावं. लग्न केलं नव्हतं. भावाची बोट होती आणि आलेली मासळी सुकवायचं काम हिच्याकडे. मुलांची तिला आवड नव्हती. मला शाळेतून का काढलं हे तिने कधी विचारलं नाही, तेसुद्धा मोठं मन होतं म्हणून असं मला वाटत नाही. तिला खरंच त्यात रस नव्हता.

घरामागे उतारावर बांबूंचे उभे मांडव होते. तिथे त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या दोरीवर टाकायची, अशा रांगाच्या रांगा. वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. बोंबील ओले असेपर्यंत कावळे आणि घारी टपून बसलेले असायचे. मावशीने पहिल्याच दिवशी मला त्या मांडवाखाली उभं केलं.

"ते बग कावले. एक बी बोंबील जाता कामा न्हाय. वरड, पल, दगड मार, काय पन कर."

ओरडायचं, पळायचं, फेकून मारायचं. जे केल्याबद्दल माझा दाखला घरी आला होता, तेच इथे काम म्हणून सांगत होते.

आणि मी ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. दगड मारले, पालथ्या टोपल्या बडवल्या, वाळूतून इकडून तिकडे धावले. कावळे फार बेरकी. एक समोर येऊन नाचायचा आणि दोन मागून बोंबील पळवायचे. माझा संताप संताप व्हायचा आणि तो संताप कोणालाच खटकायचा नाही. शाळेत माझा आवाज चार भिंतींना आपटून माझ्याच अंगावर परत यायचा. इथे तो पाण्यावर जायचा आणि संपायचा. कोणी 'काय झालं' म्हणून डोकावायचं नाही, कोणी घाबरायचं नाही. बाजूच्या वलांडीवरच्या बायका माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होत्या, आणि त्या तर एकमेकींशी नुसत्या गप्पा मारत होत्या.

एकदा कशावरून तरी बिनसलं आणि मी ओल्या बोंबलांची भरलेली टोपली लाथेने उडवली. सगळे बोंबील वाळूत. मी हात मुठीत आवळून उभी राहिले, आता बोलणी, मग आईला फोन, मग रडारड, सगळा क्रम मला पाठ होता. मावशी आली, बघितलं आणि म्हणाली, "उचल सगलं. धून आन." आणि आत निघून गेली. बोंबील हातातून सटकतात. एकेक उचलून धुवेपर्यंत माझी कंबर मोडली. परत आले तेव्हा तिने माझ्यापुढे भात वाढून ठेवला होता. त्या टोपलीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी मात्र जेवताना रडले, आणि का रडतेय ते मला कळत नव्हतं.

समुद्राने मला काही शिकवलं, असं मी म्हणणार नाही. तसं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. एवढंच सांगू शकते की तिथे डोळ्यांना जायला जागा होती. घरात आणि वर्गात नजर चार पावलांवर अडायची. पालीला मी खडकावर बसले की नजर लांब जायची आणि लांबच राहायची, आणि तिच्याबरोबर डोक्यातलं काहीतरी सैल व्हायचं. भरती, ओहोटी, ऊन, परत भरती. कोणी घंटा वाजवत नव्हतं तरी दिवसाला वेळापत्रक होतं. थंडी संपत आली तोवर माझे कान तापेनासे झाले. मला गाढ झोप लागायला लागली. आईने बशी फोडल्याबद्दल मला बोलणी दिली, तर मी नुसतं 'सॉरी' म्हणाले आणि तुकडे उचलले. आई घाबरून माझं कपाळ चाचपू लागली, ताप आलाय की काय म्हणून.

मग एक दिवस मी आपण होऊन गणिताचं पुस्तक पालीला नेलं. दुपारी ऊन कडक झालं, बोंबील सुकत आले की कावळे फारसे येत नाहीत. तेव्हा मावशीच्या पडवीत बसून मी उदाहरणं सोडवायचे. मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती बाजूला पाय पसरून घोरत असायची. त्या घोरण्याच्या साथीने मी बीजगणित शिकले, वर्गात बाईंनी घसा कोरडा करूनही जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते. मी सुखी होते. हा शब्द मी सहसा वापरत नाही, पण त्या काही महिन्यांसाठी दुसरा शब्द नाही.

जूनच्या तोंडावर बाबांनी ओळखीतून एक नवी शाळा गाठली. मुलाखतीला मी हात मांडीवर ठेवून बसले, विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "किती शांत मुलगी आहे हो!" बाबांची छाती फुगली. येताना त्यांनी आम्हाला आइस्क्रीम खायला घातलं.

त्या आइस्क्रीमच्या दुकानातच मी विचारलं, "मग मी शनिवार-रविवार पालीला जाऊ ना?"

बाबा हसले. "आता कशाला? बरी झालीस ना? ताप उतरल्यावर कोणी गोळ्या घेतं का?"

आईने समजूत घातली. वर्ष वाया गेलंय, आठवी पुन्हा करायची, शनिवार-रविवार ट्यूशन लावलीय. शिवाय पावसाळ्यात बोटी बंद, मग कसले बोंबील सुकवणार आहेस? मी म्हटलं, बोंबील नसले तरी चालतील, मी नुसती जाऊन बसेन. नुसतं बसायला एवढ्या लांब जायचं, हे दोघांनाही विनोदी वाटलं. शेवटी मी एकच मागितलं, महिन्यातून एक रविवार. 'दिवाळीत बघू' असं उत्तर मिळालं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

नवी शाळा जुनीसारखीच होती, फक्त फरशा चकाचक. पीटीचा तास आठवड्यातून एक, तोही बाई परीक्षा जवळ आली म्हणून आपल्या विषयाला घेऊन टाकायच्या. सकाळी शाळा, दुपारी ट्यूशन, संध्याकाळी दोन खोल्या. गणपती गेले आणि माझे कान पुन्हा तापायला लागले.

या वेळचं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्यांदा मला काय होतंय हे माहीत नव्हतं. आता माहीत होतं, काय केलं की ते जातं हेही माहीत होतं, आणि ते करता येत नव्हतं. मी आईला सांगितलं. नीट, शांतपणे सांगितलं, की मला होतंय तसं, मला पालीला पाठव. आई म्हणाली, "मनावर घे, जाईल. आता मोठी झालीस." तिच्या आवाजात काळजी होती, पण ऐकायला ती तयार नव्हती. मुलगी सुधारली हे तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधी एका मधल्या सुट्टीत मी दप्तर न घेता फाटकापाशी गेले. मला फक्त जायचं होतं. वॉचमन म्हणाला, "अंदर जाओ बेटा." मी म्हटलं, जाने दो ना अंकल, वापस आती हूँ. त्याने माझा दंड धरला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नोटीस बोर्डाची काच फुटली होती, वॉचमनच्या हातातून रक्त येत होतं आणि माझ्याही.

बाबांना कामावरून बोलावून घेतलं. मी मॅडमच्या केबिनमध्ये कोपऱ्यात उभी, हाताला रुमाल गुंडाळलेला. शाळेतली शिपाई बाई पाण्याचे ग्लास घेऊन आली. मॅडम म्हणाल्या, ॲडमिशनला तर ही चांगली होती, तुम्ही आमच्यापासून काही लपवलंत का? बाबांचा चेहरा पडला. बाबा वाईट माणूस नव्हते. हातातून निसटणारी गोष्ट धरून ठेवायला मिळेल तो आधार पकडणारे साधे कारकून होते. पण त्या दिवशी त्यांनी जे पकडलं ते मी आजतागायत पचवू शकलेले नाही.

ते म्हणाले, "आमच्या घरात असं काही नाही हो मॅडम. मधे काही महिने ही पालीला जायची, त्या मच्छीवाल्यांकडे. तिथे ना वळण ना शिस्त. दिवसभर मोकाट, आरडाओरडा, दगडफेक. तिथली सवय लागलीय. आम्ही तोडलंय ते सगळं आता."

मॅडमनी समजल्यासारखी मान हलवली. संगत वाईट असली की असंच होतं, म्हणाल्या. मला ओरडायचं होतं की उलटं आहे, सगळं उलटं आहे. जिभेवर शब्द आले पण तोंड उघडलं असतं तर त्यातून फक्त किंकाळी निघाली असती, आणि ती बाबांच्याच बाजूचा पुरावा ठरली असती. दाखला टळला. मला काही दिवस घरी बसवण्यावर निभावलं. त्या एका वाक्याने कसं निभावलं, हे बाबांनी आईला घरी गेल्यावर दोनदा सांगितलं.

घरी बसवलं म्हणजे पुन्हा कुलूप आलं. या वेळी मी दार वाजवलं नाही. मी गॅलरीच्या ग्रिलपाशी बसून स्वतःचंच मनगट चावायचे. आई संध्याकाळी यायची, ते वळ बघायची आणि तेल लावायची. एका संध्याकाळी मात्र तिने तेलाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "पालीला गेलीस तर थांबेल हे?" मी हो म्हटलं. तिने तेलाची बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, बाबांना सांगू नकोस, रविवारी जाऊ.

रविवारी आम्ही दोघी गेलो. आईने पेढ्यांचा बॉक्स घेतला होता. बसमध्ये मी खिडकीपाशी होते आणि खाडी कधी दिसते ते बघत होते. पालीला उतरल्यावर मी आईच्या पुढे पुढे चालले, गल्लीतून, उभ्या करून ठेवलेल्या स्कूटरींना चुकवत. वलांड्या भरलेल्या होत्या. वारा होता.

मावशी दारात आली. मला बघून तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला, ते मी पाहिलं. मग तिने आईला पाहिलं आणि ती बाजूला झाली. आतून तिने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, फडक्याने पुसल्या. मी त्या घरात कधी खुर्चीवर बसले नव्हते. "बसा," ती म्हणाली. मलाही धरून 'बसा' म्हणाली. ट्रेमध्ये सरबताचे ग्लास आले, बिस्किटं आली. तिची बहीण, आईची मैत्रीण, आतल्या दारात उभी राहिली पण बाहेर आली नाही.

आईने पेढे दिले, इकडचं तिकडचं बोलली आणि मग घसा साफ करून म्हणाली, "उद्यापासून पाठवू का हिला? पूर्वीसारखी?"

मावशी खाली बघत होती. तिचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. इतक्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"न्हाय बाई. आमचं वलन लागंल तिला."

आईला काही कळलं नाही. मावशीने सांगितलं. शाळेत पाणी द्यायला असते ती बाई तारोडीची, म्हणजे पालीच्या शेजारच्याच गावची. तिने केबिनमध्ये ऐकलेलं सगळं मागच्या रविवारी मिसा सुटल्यावर सांगितलं होतं, चर्चच्या पायरीवर, चार लोकांत. मावशी एवढंच म्हणाली, "आमी मच्चीवाले हाव, ते खरंच हाय. पन तुमच्या पोरीला आमी बिगडवली न्हाय." आणि पदराने खुर्चीचा हात पुसू लागली, पुसलेलाच.

आई म्हणाली, त्यांच्या तोंडून निघून गेलं हो, मनात काही नव्हतं. मग ती रडायला लागली. मावशीने तिला पाणी दिलं. ती रागावलेली नव्हती, तेच भयंकर होतं. रागावली असती तर ओरडली असती, आणि तिचं ओरडणं मला ओळखीचं होतं. पाहुण्यांशी वागावं तसं ती आमच्याशी वागत होती.

मागच्या दारातून उतार दिसत होता. मला कोणी अडवलं नव्हतं. तरी मी खुर्चीतून उठले नाही. त्या घरात मी तोपर्यंत कधीच विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं.

"मावशी, मी जरा मागे जाऊन येऊ?"

तिने माझ्याकडे पाहिलं. पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं, मनगटावरच्या वळांकडे पाहिलं. मग तिने माझ्या आईकडे पाहिलं.

"नको गो," ती म्हणाली. "पप्पा बोलंल."